सांबावरचे युजर कसे सांभाळायचे: माझ्या वहीतल्या कमांड

आधीच सांगते, मी काही सिस्टिमवाली नाही. सीए ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि कपाटाशेजारी जो काळा डबा दिवसभर घूं घूं करत असतो तो फाइल सर्व्हरही हळूहळू माझ्याच गळ्यात पडलाय. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आहे, त्यावर सांबा, म्हणजे विंडोजच्या मशीनना लिनक्सवरच्या फाइली उघडून देणारा प्रोग्राम, आणि वीसेक विंडोजची मशीन त्याला जोडलेली. ज्याने बसवून दिला तो सुरुवातीला फोनवर कमांड सांगायचा आणि मी वहीत ऐकलं तसं मराठीतच उतरवून घ्यायचे, "युजरॲड, स्पेस, डॅश, मोठा एम" असं. ती वही अजून चालू आहे, म्हणून इथेही तसंच लिहितेय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, सगळी छोटी, जिथे मोठं अक्षर हवं तिथे "मोठा" असं लिहिलंय. दोन शब्दांमध्ये स्पेस. आणि प्रत्येक कमांडच्या आधी सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालव, असं सांगणारा शब्द) धरून चाला, परत परत लिहीत नाही.

आमचे सर याला अजून सांबारच म्हणतात. नाव तसं गमतीशीर पद्धतीनेच पडलंय. १९९२ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने हे सुरू केलं. विंडोज ज्या भाषेत फाइल मागतं तिचं नाव एसएमबी, आणि आधीचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रेडमार्कमध्ये अडकलं म्हणून त्याने एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द शब्दकोशात शोधले, त्यात सांबा निघालं. असो.

सीए ऑफिसात हा विषय इतका का येतो, तर आर्टिकल्स, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडे शिकाऊ म्हणून काम करणारी पोरं. दरवर्षी पाच-सात नवीन पोरं येतात, तेवढीच जातात, मधेच कुणी ट्रान्सफर घेतं, कुणाला ऑडिटमधून जीएसटीला टाकतात. म्हणजे युजर बनवणं, बदलणं, बंद करणं हे वर्षभर चालूच.

एका माणसाची दोन खाती

हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, आणि हे न समजल्यामुळेच मी पहिलं वर्षभर गोंधळ घातलाय. सांबावर प्रत्येक माणसाची दोन खाती असतात. एक लिनक्सचं, एक सांबाचं. फाइल डिस्कवर पडते ती लिनक्सच्या खात्याच्या नावाने, कुणी काय उघडायचं हेही शेवटी लिनक्स ठरवतं, पण विंडोजवरून पासवर्ड टाकल्यावर तो तपासला जातो सांबाच्या वेगळ्या वहीत. दोन वह्या कशाला, एकच का नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. कारण असं की लिनक्स पासवर्डचा जो हॅश (पासवर्डवरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा आकडा) ठेवतं तो एका प्रकारचा, त्यात सॉल्ट, म्हणजे वरून घातलेली रँडम अक्षरं, मिसळलेलं, आणि विंडोजच्या पद्धतीला लागतो तो वेगळाच, एमडी४ नावाच्या जुन्या पद्धतीचा, बिनसॉल्टचा. एकावरून दुसरा काढता येत नाही. म्हणून दोन्ही ठेवावे लागतात.

अकाउंट्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एक बँक बुक आणि एक पासबुक. दोन्हीत एंट्री पाहिजे आणि रिकन्सिलिएशन आपणच करायचं, कुणी आपोआप करून देत नाही.

नवीन माणूस आला

समजा गौरी नावाची आर्टिकल आली, तिला ऑडिटच्या फोल्डरमध्ये काम करायचंय. आधी ग्रुप आहे का बघा, नसेल तर ग्रुपॲड ऑडिट, एवढंच. मग लिनक्सचं खातं:

युजरॲड डॅश-मोठा एम डॅश-एस स्लॅश-यूएसआर-स्लॅश-एसबिन-स्लॅश-नोलॉगिन डॅश-मोठा जी ऑडिट गौरी

मोठा एम म्हणजे हिचं होम फोल्डर बनवू नको. डॅश एस नोलॉगिन म्हणजे ही सर्व्हरवर टर्मिनल घेऊन बसू शकणार नाही, तिला फक्त फाइल पाहिजेत. मोठा जी म्हणजे कुठल्या ग्रुपात टाकायचं. लिनक्सचा पासवर्ड द्यायचाच नाही, गरजच नाही, न दिल्यावर ते दार बंदच राहतं आणि तेच हवंय.

मग सांबाचं खातं:

एसएमबीपासडब्ल्यूडी डॅश-ए गौरी

याचं स्पेलिंग फोनवर सांगताना फार मारामारी व्हायची. शेवटी सर्व्हर बसवणाऱ्याने सांगितलं, पासवर्डमधला ओ आणि आर गाळा आणि पुढे एसएमबी लावा, तेव्हापासून चुकले नाही. हे दिलं की दोनदा पासवर्ड मागतं. टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं कीबोर्ड बंद पडला, मी केबल काढून परत लावली होती. शांतपणे टाइप करा आणि एंटर.

क्रम उलटा झाला, म्हणजे लिनक्सचं खातं नसताना सांबाचं बनवायला गेलात, तर एंट्री ॲड करता आली नाही असा मेसेज येतो. पासवर्ड चुकला असेल म्हणून परत परत टाकत बसू नका, आधीची पायरी राहिलीये.

एकदम सात जण आले तर पासवर्ड हाताने टाकण्यापेक्षा डॅश एस लावतात, मग पासवर्ड तो दुसऱ्या कमांडकडून किंवा फाइलमधून घेतो, दोन ओळींत दोनदा. सोय आहे, पण पासवर्ड कमांडमध्येच लिहिलात तर तो टर्मिनलच्या हिस्टरीत जाऊन बसतो. मी आपली एकेकालाच बोलावते, पासवर्ड ज्याचा त्याने टाइप करायचा, मी खिडकीकडे बघते.

विंडोजवर जायच्या आधी इथेच तपासा

ही सवय मला फार उशिरा लागली. युजर बनवला की मी धावत पोरांच्या मशीनवर जायचे, तिथे चालायचं नाही, मग चूक सर्व्हरची का विंडोजची हे कळेना. आता सर्व्हरवरच बघते:

एसएमबीक्लायंट दोन-स्लॅश-लोकलहोस्ट-स्लॅश-ऑडिट डॅश-मोठा यू गौरी

इथे सुडोपण नको. पासवर्ड विचारेल, आत गेलात की एसएमबी असा प्रॉम्प्ट येतो, एलएस द्या, फाइलींची यादी दिसली पाहिजे. मग एमकेडिर चाचणी देऊन एक फोल्डर बनवून बघा, बनला तर लिहायची परवानगीही आहे. आरएमडिर चाचणी करून पुसा आणि क्विट. नाही गेलात आत तर मेसेज नीट वाचा, कारण त्यातच उत्तर असतं. लॉगॉन फेल्युअर आलं तर युजरनेम किंवा पासवर्डचा घोळ, म्हणजे सांबाची वही बघा. ॲक्सेस डिनाइड आलं तर पासवर्ड बरोबर आहे पण त्या फोल्डरात जायची परवानगी नाही, म्हणजे ग्रुप आणि लिनक्सची परमिशन बघा. अकाउंट डिसेबल्ड आलं तर ते तुम्हीच कधीतरी बंद केलंय. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक या तीनमध्येच बसतात.

एक चकवा मात्र आहे. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये "मॅप टू गेस्ट, बॅड युजर" अशी एक ओळ असते. त्याचा अर्थ, युजरनेमच माहितीतलं नसेल तर हाकलायचं नाही, पाहुणा म्हणून आत घ्यायचं. म्हणजे कुणी गौरीच्या जागी गोरी टाइप केलं तर चुकीचं युजरनेम असं सांगतच नाही, सर्व्हर उघडतो, शेअरची, म्हणजे नेटवर्कवर दिलेल्या फोल्डरांची, नावंही दिसतात, फक्त ऑडिटवर क्लिक केलं की परवानगी नाही. मग पोरगं येऊन सांगतं, ताई, लॉगिन झालंय पण फोल्डर उघडत नाही. एकदा तर मी यावर अर्धा दिवस परमिशन तपासत बसले होते, आणि स्पेलिंग चुकलेलं होतं. आमच्याकडे पाहुण्यांचं काही कामच नाही म्हणून मी ती ओळ नेव्हर करून टाकली.

ग्रुप, आणि तो छोटा ए

फोल्डरची परवानगी माणसाच्या नावाने देऊ नका, ग्रुपच्या नावाने द्या. शेअरच्या सेटिंगमध्ये व्हॅलिड युजर्स समोर ॲट-द-रेट ऑडिट लिहायचं, मग माणसं ग्रुपात आत-बाहेर झाली तरी सेटिंगला हात लावायला नको. लिनक्सच्या बाजूने त्या फोल्डरचा ग्रुप ऑडिट करायचा आणि सीएचमॉड (परवानगी ठरवायची कमांड) २७७०. यातला पुढचा २ महत्त्वाचा, त्यामुळे आत जे काही नवीन बनेल ते बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपात न जाता ऑडिटच्याच ग्रुपात जातं. आणि शेअरच्या सेटिंगमध्ये क्रिएट मास्क ०६६० आणि डिरेक्टरी मास्क २७७० लिहा, नाहीतर सांबा मुळात ०७४४ आणि ०७५५ धरतं, म्हणजे ग्रुपवाल्यांना नुसतं वाचता येतं. एकाने बनवलेली एक्सेल दुसऱ्याला सेव्ह करता येत नाही ही जी रोजची रडारड असते ती बऱ्याचदा इथली.

सेटिंग बदललं की आधी टेस्टपार्म, तो चुका दाखवतो. मग एसएमबीकंट्रोल ऑल रीलोड-डॅश-कॉन्फिग. सर्व्हिस रीस्टार्ट करू नका दिवसाढवळ्या, टॅलीचा डेटा शेअरवर उघडा असताना कनेक्शन तुटलं तर पुढची संध्याकाळ डेटा दुरुस्त करण्यात जाते.

आता तो ए. जुन्या माणसाला अजून एका ग्रुपात टाकायचं तर:

युजरमॉड डॅश-ए-मोठा जी जीएसटी गौरी

छोटा ए म्हणजे ॲपेंड, आहे त्यात भर घाल. तो विसरलात तर अर्थ होतो की गौरी आता फक्त जीएसटीत, बाकी सगळ्या ग्रुपांतून बाहेर. कुठलीही एरर नाही, कुठलाही प्रश्न नाही, गप्प करून मोकळं. माझ्याकडून हे झालं जुलैच्या २८ तारखेला, रिटर्नची शेवटची तारीख ३१, आणि एक नाही तर तीन जणांना मी एकापाठोपाठ एक असंच टाकलं. गंमत म्हणजे तासभर काहीच झालं नाही, कारण जी माणसं आधीच जोडलेली होती त्यांचं जुन्याच ग्रुपांवर चालू होतं. जेवून आले, मशीन परत चालू केली, आणि तिघांचंही टॅलीचं फोल्डर गायब. तोवर मी काय केलं होतं ते मलाच आठवेना.

त्यामुळे आता ग्रुप बदलायच्या आधी आणि नंतर आयडी गौरी देते, सगळे ग्रुप एका ओळीत दिसतात, आधीची ओळ वहीत उतरवते. एखाद्याच ग्रुपातून काढायचं तर जीपासडब्ल्यूडी डॅश-डी गौरी ऑडिट. आणि बदल लागू व्हायला त्या माणसाने विंडोजमधून लॉगऑफ होऊन परत यायला हवं, कारण सांबा ग्रुप तपासतं जोडणी होताना, नंतर नाही.

पासवर्ड विसरला

आठवड्यातून एकदा येणारं काम. तीच कमांड, डॅश ए शिवाय, एसएमबीपासडब्ल्यूडी गौरी, नवीन पासवर्ड दोनदा, झालं. खरी कटकट पुढे असते, विंडोजने जुना पासवर्ड जपून ठेवलेला असतो आणि तोच पाठवत राहतं. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडायचा, सर्व्हरच्या नावाची नोंद काढून टाकायची. १२१९ नंबरची एरर आली तर समजायचं की त्या मशीनवरून दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने सर्व्हर आधीच उघडाय, विंडोज एकाच सर्व्हरला एका वेळी दोन नावांनी जोडत नाही. कमांड प्रॉम्प्टवर नेट यूज स्टार स्लॅश-डिलीट, मग परत.

चुकीचा पासवर्ड कितीदा टाकला की खातं लॉक व्हावं, हे सांबात मुळात शून्य असतं, म्हणजे कधीच नाही. बदलायचं तर:

पीडीबीएडिट डॅश-मोठा पी "बॅड लॉकआउट अटेम्प्ट" डॅश-मोठा सी १०

अवतरणचिन्हं टाइप करायची, आतले तीन शब्द एकच नाव आहे. मी आधी ५ ठेवलं होतं, पण तेच, विंडोज जुना पासवर्ड स्वतःच्या मनाने पाठवत बसतं आणि माणसाने काही न करता खातं लॉक. मग १० केलं. लॉक झालंच तर अर्ध्या तासाने आपोआप उघडतं, मी सांगते चहा पिऊन ये. पासवर्डची कमीत कमी लांबीही अशीच बदलता येते, "मिन पासवर्ड लेंथ", मुळात फक्त ५ असते, ती वाढवाच.

माणूस सोडून गेला

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, आणि ते याच दोन खात्यांमुळे. एका ओळखीच्या ऑफिसात कुणी गेलं की युजरमॉड डॅश-मोठा एल देऊन खातं लॉक करायचे आणि निवांत व्हायचे. त्याने लिनक्सचा पासवर्ड लॉक होतो. सांबाचा तसाच्या तसा चालू, म्हणजे गेलेला माणूस ऑफिसच्या वायफायच्या टप्प्यात येऊन लॅपटॉप उघडला की क्लायंटच्या सगळ्या फाइली समोर. मी आधी सांबाचं बंद करते:

एसएमबीपासडब्ल्यूडी डॅश-डी गौरी

डी म्हणजे डिसेबल, डिलीट नाही. परत आली तर डॅश ई ने चालू. पण हे फक्त पुढच्या लॉगिनला अडवतं, आत्ता जोडलेली असेल तर तिचं चालूच राहतं. एसएमबीस्टेटस द्या, कोण कुठल्या मशीनवरून जोडलंय याची यादी येते, पहिल्या रकान्यात पीआयडी, म्हणजे त्या जोडणीच्या प्रोसेसचा नंबर. तो नंबर किल करून द्या, तेवढीच जोडणी तुटते, बाकीच्यांना काही होत नाही. अर्थात तिची एखादी फाइल उघडी नाही ना हे त्याच यादीत खाली बघून घ्या.

पूर्ण काढायची घाई मी करत नाही. निदान ते वर्षाचं ऑडिट संपेपर्यंत खातं नुसतं बंद पडून राहतं. कारण फाइलवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. समजा गौरीचा नंबर १०१४, आणि सगळ्यात शेवटी बनलेलं खातं तेच. ते काढलं आणि पुढच्या महिन्यात नवीन मुलगा आला, तर युजरॲड त्याला शेवटच्या नंबरच्या पुढचा देतं, म्हणजे परत १०१४. आता गौरीच्या सगळ्या फाइलींवर मालक म्हणून त्या मुलाचं नाव दिसायला लागतं. मी हे प्रत्यक्ष बघितलंय, सर विचारत होते हा पोरगा सोमवारी आला आणि मार्चच्या वर्किंग पेपरवर याचं नाव कसं.

काढायचंच असेल तर आधी फाइंड, मग ज्या फोल्डरात डेटा आहे त्याचा पत्ता, मग डॅश-युआयडी १०१४, याने तिच्या सगळ्या फाइली सापडतात. त्या सीएचओन करून ऑडिटच्या हेडच्या नावावर करायच्या. मग सांबाचं खातं, पीडीबीएडिट डॅश-एक्स गौरी. आणि सगळ्यात शेवटी युजरडेल गौरी. आधी लिनक्सचं काढलं तर सांबाच्या वहीत भूत राहतं, ते कसं दिसतं ते सांगतेच.

स्कॅनरचं खातं

झेरॉक्स मशीन स्कॅन करून फोल्डरात टाकतं, त्यालाही युजर लागतो. त्याला कुणा माणसाचा युजर देऊ नका, त्या माणसाने पासवर्ड बदलला की स्कॅनिंग बंद. स्कॅन नावाचा वेगळा युजर, एकाच फोल्डरात लिहिणारा, बास. जुनी मशीन फक्त एसएमबी१ बोलतात आणि सांबाने ४.११ पासून, २०१९ मध्ये, ते बंद करून टाकलंय. ते एका ओळीत परत चालू करता येतं आणि सर्व्हिसवाले तेच सुचवतात, पण ती ओळ एका मशीनपुरती नसते, सगळ्यांसाठी दार उघडतं. २०१७ च्या मे मध्ये वॉनाक्राय पसरलं ते विंडोजमधल्या याच जुन्या एसएमबी१ च्या भोकातून. आम्ही त्या मशीनला ईमेलवर स्कॅन करायला लावलं.

वह्यांचा बॅकअप

डेटाचा बॅकअप सगळे घेतात, युजरचा कुणी घेत नाही. सांबाची वही म्हणजे एक फाइल आहे, पासडीबी डॉट टीडीबी, आमच्याकडे व्हार, लिब, सांबा, प्रायव्हेट या फोल्डरात. चालू सर्व्हरवर ती साधी कॉपी करू नका, टीडीबीबॅकअप आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता द्या, शेजारीच डॉट बॅक नावाची नीट प्रत बनते. सोबत ईटीसीमधल्या पासडब्ल्यूडी आणि ग्रुप या दोन फाइली आणि सांबाचं सेटिंग. आमची डिस्क गेली तेव्हा डेटा दुपारपर्यंत परत आला, पण युजर नव्हते, आणि वीस जणांना एकेक करून बोलावून पासवर्ड टाकून घेण्यात दोन दिवस गेले.

ही प्रत डेटाच्या पेनड्राइव्हसोबत टेबलावर पडू देऊ नका. तिच्यातले हॅश बिनसॉल्टचे आहेत, आणि ज्याला कळतं त्याला पासवर्ड फोडायचीही गरज नसते, हॅशच पासवर्डसारखा वापरता येतो. आमचा तो पेनड्राइव्ह डीएससी (डिजिटल सहीच्या) टोकनांच्या ड्रॉवरमध्ये असतो, किल्ली सरांकडे.

महिन्याचं रिकन्सिलिएशन

एक तारखेला पीडीबीएडिट डॅश-मोठा एल देते. सांबाच्या वहीतली सगळी नावं येतात, नाव, कोलन, नंबर. ती हजेरीच्या रजिस्टरशी ताडून बघते. यादीत एखाद्या नावापुढे ४२९४९६७२९५ असा अगडबंब नंबर दिसला तर ते वर म्हटलेलं भूत, सांबात खातं आहे पण लिनक्समध्ये माणूसच नाही. मग पीडीबीएडिट डॅश-मोठा एल डॅश-डब्ल्यू, यात चौकोनी कंसात यू असतो, आणि बंद खात्याला डीयू. जो सोडून गेलाय त्याच्यापुढे डी नसेल तर तिथल्या तिथे बंद करते.

गेल्या महिन्यात असाच एक यू सापडला. ज्याने सर्व्हर बसवून दिला आणि वर्षभर फोनवर कमांड सांगितल्या, त्याचंच खातं होतं. डी लावला आणि त्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, ताई, मला वाटलं तुम्ही कधीच काढलं असेल.